स्कूटर मुलाकडे गेल्यानंतर: कर्वेनगर ते सदाशिव पेठ, बारा महिने सायकलवर

जून २०२४ मध्ये कर्वेनगरमधील एका कुटुंबातल्या धाकट्या मुलाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि घरातली एकुलती एक स्कूटर त्याच्याकडे गेली. वडिलांना कंपनीची बस असल्यामुळे त्यांचा प्रश्न नव्हता. आईचे कार्यालय मात्र सदाशिव पेठेत, घरापासून सहा किलोमीटरांच्या आसपास. दुसरी गाडी घ्यायची तर फीचा हप्ता नुकताच भरलेला. रिक्षाने रोज जाणे-येणे परवडण्यासारखे नव्हते. बसने जायचे तर वाटेत एक बस बदलावी लागे. आणि मेट्रो कर्वेनगरला बगल देऊन पौड रस्त्यावरून जाते. लग्न होऊन गेलेल्या मुलीची लेडीज सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. दिवाळीपर्यंत कसेबसे काढू, असे म्हणून ती बाहेर काढण्यात आली. पुढचा जून उजाडला तरी दुसरी गाडी घेतलेली नव्हती आणि ती घेण्याचा विषयही घरात कोणी काढत नव्हते.

या बाई (पुढेही त्यांचा उल्लेख असाच केला आहे) पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत. एका खासगी कार्यालयाच्या हिशेब विभागात त्या नोकरी करतात. शाळेत असताना सायकल चालवली होती, त्यानंतर कित्येक वर्षे तिला हात लावलेला नव्हता. त्यांना सायकलीची हौस नाही, पर्यावरणासाठी आपण काही करावे असा त्यांचा संकल्प नव्हता, आणि वजनाचा मुद्दा निघाला की त्या विषय बदलतात. रविवारी पहाटे सिंहगडाकडे जाणारे, अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घातलेले सायकलस्वार वाटेत भेटले की 'किती किलोमीटर करता?' असे विचारतात. त्यावर 'ऑफिसला जाते' एवढेच त्यांचे उत्तर असते. हे प्रकरण मला लिहिण्याजोगे वाटले ते यासाठीच. हौसेने सुरू झालेली सायकल जुलैत बंद पडलेली मी पुष्कळ पाहिली आहे. गरजेपोटी सुरू झालेली ही सायकल वर्षभर कशामुळे टिकली, याचा शोध घेताना असे दिसले की तिला तारणाऱ्या बहुतेक गोष्टी फार लहान होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गोष्टींचा रस्त्याशी संबंधच नव्हता.

मी त्याच इमारतीत राहतो. बाईंशी वेळोवेळी झालेले बोलणे, त्यांच्या खर्चाच्या वहीतील नोंदी आणि काही वेळा त्यांच्या मागोमाग सायकलने जाऊन पाहिलेले, यांवर पुढील मजकूर आधारलेला आहे. नाव न देण्याच्या अटीवर तो लिहिण्यास त्यांनी संमती दिली.

सायकल

जिन्याखालची सायकल बिनगिअरची होती. तिला पूर्ण चेनकव्हर होते, पत्र्याचे मडगार्ड होते, मागे कॅरिअर, पुढे जाळीची बास्केट, मागच्या चाकावर ओढणी अडकू नये म्हणून जाळी, आणि सायकल सरळ उभी राहील असा डबल स्टँड होता. आज दुकानात ओळीने मांडलेल्या गिअरच्या सायकलींना यांतले बहुधा काहीच नसते. मडगार्ड मागितले तर प्लास्टिकची एक आखूड पट्टी वेगळे पैसे घेऊन बसवून देतात. रोज वापरायच्या सायकलीतून नेमके वापराचेच सामान काढून टाकावे आणि त्याला सुधारणा म्हणावे, हे मला कधी पटलेले नाही. शेजाऱ्यांपैकी दोघांनी बाईंना 'चांगली' सायकल घेण्याचा सल्ला दिला होता. त्यांच्या हाती पैसे नव्हते म्हणून तो सल्ला मानला गेला नाही, आणि हेच बरे झाले.

घराजवळच्या दुरुस्तीवाल्याने सायकल पूर्ण उघडली. पुढच्या-मागच्या हबमधले छर्रे बदलले, नवे ग्रीस भरले, तडे गेलेले टायर आणि वाळून कडक झालेल्या ट्यूब टाकून दिल्या, ब्रेकची रबरे नवीन बसवली. चेन गंजलेली होती, तीही बदलली. 'ताई, चेनकव्हर काढू नका हं कोणी सांगितलं तरी,' एवढे मात्र त्याने बजावून सांगितले. त्याचे म्हणणे पुढे पावसात पटले. उघड्या चेनवरचे तेल दोन जोरदार सरींत धुऊन जाते, त्यावर रस्त्यावरचा बारीक गाळ बसतो आणि आठवड्याभरात ती कुरकुरू लागते. बाईंची चेन दिवाळीपर्यंत एकदाच तेल मागून गप्प होती.

दोन बदल मात्र महत्त्वाचे ठरले. पहिला बदल फुकटातला होता. आपल्याकडे थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतके सीट खाली ठेवण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे पायडल मारताना गुडघा कधी पुरता उघडत नाही. पहिल्या पंधरवड्यात बाईंचे गुडघे दुखू लागले आणि सायकल सोडून द्यावी असे त्यांना वाटले. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळपास सरळ व्हावा, इतके सीट वर घेतल्यावर दुखणे थांबले. थांबताना एका पायाच्या चवड्यावर उभे राहण्याची सवय व्हायला थोडे दिवस लागले, एवढेच.

दुसरा बदल खर्चाचा होता. सायकलीच्या रिमा चकचकीत लोखंडी होत्या. कोरड्या रस्त्यावर अशा रिमांना ब्रेक ठीक लागतो. ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर नुसते घसरत राहते आणि सायकल थांबायला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर लागते. जूनच्या अखेरीस राजाराम पुलाच्या चौकात सिग्नल लाल झाल्यावर दोन्ही ब्रेक आवळूनही बाईंची सायकल पांढऱ्या पट्ट्यांच्या पार पलीकडे जाऊन थांबली. समोरून गाडी आली नाही म्हणून निभावले. त्याच आठवड्यात दोन्ही चाकांना ॲल्युमिनियमच्या रिमा घालून तारा पुन्हा भरून घेतल्या. नव्या सायकलीच्या तुलनेत ही रक्कम फार नव्हती. पण वर्षभरात सायकलीवर झालेला हाच सर्वांत मोठा एकरकमी खर्च आणि, माझ्या मते, सर्वांत शहाणपणाचा.

रस्ता

कर्वेनगरहून पेठांत जायचा सरधोपट मार्ग कर्वे रस्त्याचा. तो अंतराने थोडा कमी भरतो. परंतु बस, रिक्षा, नळस्टॉपचा उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि डाव्या कडेला लागलेल्या गाड्यांची अचानक उघडणारी दारे यांच्या मधून सायकलीला मिळणारी जागा हातभर असते. स्कूटरवरून पंधरा वर्षे याच रस्त्याने गेल्यामुळे बाईंनी पहिले काही दिवस सायकलही तिथूनच नेली. नंतर त्यांनी नदीकाठचा रस्ता धरला: वृद्धाश्रमावरून राजाराम पुलाच्या चौकात, तिथून डी. पी. रस्त्याने म्हात्रे पुलापर्यंत, पूल ओलांडून नवी पेठ, आणि शास्त्री रस्ता पार करून गल्लीबोळांतून सदाशिव पेठ. अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. स्कूटरने कर्वे रस्त्यावरून सकाळच्या गर्दीत वीस-पंचवीस मिनिटे लागत, त्यात पेठेत गाडी लावायला जागा शोधण्याचा वेळ धरलेला नाही.

स्कूटरचा रस्ता आणि सायकलीचा रस्ता एकच असायला हवा असे नाही, ही गोष्ट सांगितल्यावर साधी वाटते. पण सायकल सोडून देणाऱ्यांशी बोलताना आढळते की त्यांतल्या अनेकांनी दुसरा रस्ता शोधून पाहिलेलाच नसतो. नदीकाठचा रस्ता जवळजवळ सपाट आहे, त्यावर झाडांची सावली आहे आणि बसची वर्दळ कमी आहे. त्याचा दोष वेगळाच. डी. पी. रस्त्यावर मंगल कार्यालये आणि लॉन्स यांची रांग लागलेली आहे, त्यामुळे लग्नसराईत संध्याकाळी दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहतात, वराती निघतात आणि फटाक्यांचा कचरा पसरतो. बाईंनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडला: भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या महिन्याचे लग्नाचे मुहूर्त पाहतात आणि त्या दिवशी परतताना सरळ कर्वे रस्ता पत्करतात. वाहतूक नियोजनाचे इतके खात्रीचे साधन महापालिकेकडेही नसावे.

सायकल मार्गांविषयी इथे थोडे लिहिले पाहिजे. पुणे महापालिकेने २०१७ च्या डिसेंबरात सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात सुमारे ८२४ किलोमीटरांचे जाळे प्रस्तावित होते. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींच्या योजनाही आल्या आणि काही काळाने दिसेनाशा झाल्या. बाईंच्या रोजच्या वाटेवर सलग वापरता येईल असा सायकल मार्ग नाही. जिथे पदपथाशेजारी पेव्हर ब्लॉकचा पट्टा आहे तिथे तो प्रत्येक फाटकाशी खाली उतरतो, पुन्हा चढतो, मध्येच विजेचा डीपी बॉक्स येतो, पुढे पाणीपुरीची गाडी, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. बाई त्यावर जात नाहीत. जो मार्ग दर शंभर पावलांवर उतरायला लावतो त्याला त्या 'पायवाट' म्हणतात, आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

सकाळी डी. पी. रस्त्यावरून म्हात्रे पुलाकडे उजवीकडे वळणे ही या वाटेवरची सर्वांत अवघड जागा. भरधाव वाहनांच्या मधून उजव्या कडेला जाण्याचा प्रयत्न त्यांनी सोडून दिला आहे. त्या डाव्या बाजूला उतरतात, सायकल हातात धरून पादचाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडतात आणि पुलाच्या तोंडाशी पुन्हा बसतात. यात दोन-तीन मिनिटे जातात. सायकलवरून उतरण्यात कमीपणा न मानणे हे या चौकातले वाहतूक कौशल्य आहे.

पाऊस

पावसाविषयी सर्वांनीच बाईंना घाबरवले होते. पुण्याचा वार्षिक पाऊस सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटरांच्या घरात आहे, मुंबईच्या एक तृतीयांश. जुलैत आभाळ दिवसच्या दिवस भरलेले असते खरे, पण पडते ती बहुतेक वेळा रिपरिप. ऑफिसला जायच्या नेमक्या अर्ध्या तासात धो धो पाऊस असण्याचे प्रसंग घरात बसून वाटतात त्यापेक्षा पुष्कळ कमी येतात.

तरीही भिजणे असतेच, आणि त्याची व्यवस्था करावी लागते. सुरुवातीला स्कूटरवरचा जाड रेनकोट त्यांनी वापरला. स्कूटरवर माणूस बसून असतो. सायकलवर पाय चालत असतात, त्यामुळे जाड रेनकोटात बाहेरून जितके पाणी येणार होते तितके आतून घामाने येई. नंतर हँडलपर्यंत पसरणारा घोळदार पोंचो आणला. तो गल्लीत उत्तम होता. म्हात्रे पुलावर नदीवरून आडवा वारा आला की शिडासारखा फुगे आणि सायकल कठड्याकडे ओढली जाई. तोही बाजूला पडला. शेवटी ठरले ते असे: वर पातळ, काखेत हवा जायला जागा असलेले जॅकेट, खाली लवकर वाळणारी सलवार, पायांत रबरी सँडल, आणि ऑफिसच्या कपाटात कायमचा ठेवलेला एक कोरडा ड्रेस, पंचा व चपला. भिजू नये यासाठी धडपड करण्यापेक्षा भिजून झाल्यावर पाच मिनिटांत कोरडे होता यावे, ही त्यांची पद्धत झाली. त्यासाठी ऑफिसात दाराला कडी असलेली, बऱ्यापैकी मोठी मोरी आहे, हे त्यांचे नशीब. ती नसती तर हे प्रकरण जुलैतच संपले असते.

दोन बारीक गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. पुढचे मडगार्ड कंपनीतून येते तेव्हा चाकाच्या निम्म्यापर्यंतच पोचते. त्याच्या टोकाखालून उडणारा चिखलाचा फवारा बरोबर पावलांवर आणि पायडलच्या मधल्या बेअरिंगवर बसतो. दुरुस्तीवाल्याने जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा कापून, मडगार्डच्या टोकाला दोन रिव्हेट मारून लोंबता सोडला. तो रस्त्यापासून चार बोटे वर राहतो आणि कुठे घासला तरी वाकतो. या तुकड्याला एक पैसाही पडला नाही, आणि त्यानंतर बाईंची पावले चिखलाने माखली नाहीत. दुसरी गोष्ट सीटची. फोमचे सीट एकदा पाणी प्यायले की दोन दिवस वाळत नाही. त्यावर दुधाची रिकामी पिशवी उलटी करून ओढायची आणि रबर लावायचे. संध्याकाळी निघताना ती काढून बास्केटमध्ये टाकायची. पेठेतल्या पार्किंगमध्ये ही पिशवी घातलेल्या आणखी दोन-तीन सायकली दिसतात, म्हणजे शोध त्यांच्या एकट्यांचा नाही.

पावसाळ्यात पंक्चर वाढतात. काचेचा कण किंवा जुन्या टायरमधली केसाएवढी तार ओल्या रबरात सहज शिरते, आणि वाहत्या पाण्याने असा सगळा कचरा रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणजे सायकलीच्याच वाटेवर, आणून टाकलेला असतो. बाई पंक्चर स्वतः काढत नाहीत; वाटेवरची तीन दुकाने, त्यांच्या उघडण्याच्या वेळांसह, त्यांना पाठ आहेत. टायरमध्ये हवा पुरेशी असली की पंक्चर कमी होतात हे ध्यानात आल्यावर घरी पायपंप आला, आणि सोमवारी सकाळी हवा भरणे हे देवपूजेनंतरचे काम ठरले.

या सगळ्यात एक नियम मात्र कडक आहे: तळ दिसत नाही अशा पाण्यातून सायकल न्यायची नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे शहरात आणि धरणक्षेत्रात प्रचंड पाऊस झाला, खडकवासला धरणातून मुठा नदीत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडण्यात आले, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले, भिडे पूल बुडाला आणि पुलाची वाडी येथे विजेचा धक्का बसून तीन तरुण दगावले. बाई त्या दिवशी घराबाहेर पडल्याच नाहीत. त्यानंतर धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना मोबाइलवर आली की नदीकाठचा रस्ता बाद, आणि वर पाऊसही जोरात असेल तर सायकलच बाद, असे ठरून गेले. मग बस, नाहीतर ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसून. वर्षभर सायकल चालवणारी व्यक्ती एकही दिवस चुकवत नसेल अशी समजूत असते. या प्रकरणात उलट दिसले. 'आज नाही' असे बिनदिक्कत म्हणता येत होते, म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल निघत होती.

ऑक्टोबर

बाईंनी सायकल सोडून देण्याचे खरोखर मनावर घेतले ते ऑक्टोबरात. याचा अंदाज कोणीच केला नव्हता, मीही नाही. जुलैतला पाऊस सांगून येतो. परतीचा पाऊस दुपारभर ऊन तापवून नेमका ऑफिस सुटायच्या वेळी विजांसह कोसळतो. सकाळी लख्ख ऊन असल्यामुळे जॅकेट घरी राहिलेले असते. पावसाने उखडलेल्या रस्त्यांवर तात्पुरती टाकलेली खडी सुटून कडेला येते आणि ऊन पडले की तिची धूळ होते. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीची झुंबड, तिचा लोंढा गल्ल्यांत. आणि या सर्वांवर कडी म्हणजे अंधार. जूनमध्ये पुण्यात सूर्य मावळतो तो सव्वासातच्या सुमारास. ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहालाच मावळतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्याही आत. ऑफिस साडेसहाला सुटते. म्हणजे जो नदीकाठचा रस्ता झाडीमुळे उन्हाळ्यात सुखाचा, तोच या दिवसांत काळोखाचा.

सायकलीला जुना बाटलीसारखा डायनॅमो होता. तो टायरला घासून चालतो, म्हणून चढावर वेग कमी झाला की दिवा मंदावतो, थांबले की विझतो आणि टायर ओला असला की घसरतो. एकेकाळी रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली तर पोलीस अडवत आणि नगरपालिकेचा बिल्ला नसेल तर वेगळा दंड होई, असे जुनी मंडळी सांगतात; आता सायकलीला परवाना नाही, बिल्ला नाही आणि दिवा आहे की नाही हे विचारणाराही कोणी नाही. समोरून येणाऱ्या गाड्यांचे प्रखर पांढरे दिवे मात्र आहेत, आणि त्या झोतात काळ्या ड्रेसमधली सायकलस्वार दिसतच नाही. पुढे चार्जिंगचा दिवा, मागे लुकलुकणारा लाल दिवा, दोन्ही पायडलना पिवळे रिफ्लेक्टर आणि पाठीवरच्या पिशवीला चकाकणारी पट्टी, एवढे झाल्यावर निम्मी भीती गेली. पायडलचे रिफ्लेक्टर वरखाली हलत असल्यामुळे मागच्या चालकाला ही सायकल आहे हे लांबूनच कळते, हे मी स्वतः मागून जाताना पाहिले.

उरलेली निम्मी भीती दिव्यांनी जाण्यातली नव्हती. बाईंनी वरिष्ठांकडे अर्धा तास लवकर येऊन अर्धा तास लवकर जाण्याची परवानगी मागितली. हिशेब विभागात सकाळी तसेही काम साचलेले असते, त्यामुळे ती मिळाली. त्या एका अर्ध्या तासाने सकाळची गर्दी टळली, संध्याकाळचा अंधार अर्ध्या वाटेवर आला आणि पुढे एप्रिलमध्ये सकाळच्या उन्हाचा तापही चुकला. वर्षातला सर्वांत उपयोगी फेरबदल कोणता, असे मला कोणी विचारले तर मी रिमांच्या आधी याचे नाव घेईन.

हिवाळ्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. सकाळी एक स्वेटर, कानाला स्कार्फ आणि शेकोट्यांचा धूर; इतकेच. डिसेंबर-जानेवारीत सायकल चालवायला तक्रार करायची तर शोधून करावी लागते.

तळघर

जानेवारीत कार्यालयाच्या इमारतीतील पार्किंगची फेरआखणी झाली. तोवर बाईंची सायकल रखवालदाराच्या चौकीशेजारी भिंतीला टेकून असे. नव्या आखणीत त्या जागी पाहुण्यांच्या गाड्या आल्या आणि सायकली दुसऱ्या तळघरात लावाव्यात अशी पाटी लागली. तळघराचा उतार तीव्र, त्यावर गुळगुळीत रंग, वळणावर समोरून येणारी गाडी दिसत नाही. संध्याकाळी ती सायकल दोन मजले ढकलत वर आणायची. बाईंनी एक आठवडा ते केले, आणि नंतर जवळजवळ पंधरा दिवस सायकल घरीच राहिली. जुलैच्या पावसाने जे झाले नाही ते एका पाटीने केले.

हा भाग मला या सगळ्या प्रकरणाचे मर्म वाटतो. सायकल परवडते, रस्ता सापडतो, अंगाला सवय होते; पण प्रवासाच्या दोन टोकांपैकी एका टोकाला ती सहज लावता येत नसेल तर मधल्या सहा किलोमीटरांना काही अर्थ उरत नाही. चारचाकीवाल्याला तळघर म्हणजे एका वळणाचे काम. सायकलवाल्याला ते रोजचे ओझे.

बाईंनी भांडण केले नाही. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला: इमारतीत सायकलने येणारे पाच जण आहेत, पाच सायकलींना मिळून एका मोटारीपेक्षा कमी जागा लागते, आणि चौकीमागची नळाजवळची पट्टी कोणत्याही गाडीच्या उपयोगाची नाही. अर्जावर उरलेल्या चौघांच्या सह्या घेतल्या. त्यांत दोन शिपाई, एक झाडलोट करणाऱ्या मावशी आणि वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी होता. यांपैकी कोणीही तोपर्यंत तक्रार केली नव्हती, कारण आपल्या सायकलीसाठी इमारतीत जागा मागता येते हेच त्यांच्या मनात आले नव्हते. हिशेब विभागातल्या बाईंनी मागितल्यावर ती मिळाली. यात सायकलीपेक्षा पदाचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच.

ओझे आणि पैसा

सायकल फक्त ऑफिसपुरती राहिली नाही. गिरणीवरून दळण आणणे, मंडईतली भाजी, औषधे, शिंप्याकडचे कपडे, बँक ही कामे हळूहळू तिच्याकडे आली. पाच किलोचे पीठ कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधले की हलत नाही. तेच बास्केटमध्ये ठेवले तर हँडल एका बाजूला ओढते आणि वळताना सायकल ऐकत नाही. म्हणून जड ते मागे, हलके आणि नाजूक ते पुढे. डबल स्टँड असल्यामुळे सामान बांधताना सायकल कोणी धरावी लागत नाही, हा फायदा साइड स्टँडवाल्यांना कळायचा नाही. उन्हाळ्यात, एप्रिलचा पारा चाळिशीकडे गेल्यावर, बाजारहाट सकाळी ऑफिसच्या आधी उरकली जाऊ लागली.

बचतीचे आकडे लोक फुगवून सांगतात, म्हणून वहीतला हिशेब पाहिला. महिन्याचे जाणे-येणे आणि किरकोळ फेऱ्या धरून सव्वातीनशे किलोमीटर होतात. स्कूटर शहरात लिटरला चाळीस-पंचेचाळीस देते आणि पेट्रोल त्या वर्षी लिटरला १०४ रुपयांच्या आसपास होते. म्हणजे महिन्याला साडेसातशे ते साडेआठशे रुपये, वर्षाला नऊ-दहा हजार. सायकलीवर पहिल्या वर्षी रिमा, टायर, दिवे, जॅकेट, दुरुस्ती आणि सायकल न नेलेल्या दिवसांची बस-रिक्षा मिळून सात हजारांच्या जवळपास गेले. पेट्रोलपुरते पाहिले तर पहिल्या वर्षीची बचत किरकोळ आहे. खरा फरक पडला तो न घेतलेल्या दुसऱ्या स्कूटरचा, जिची किंमत तेव्हा विमा आणि नोंदणीसह लाखाच्या घरात जात होती. तिचा हप्ता सुरू झाला असता तर मुलाच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी हात पसरावा लागला असता, असे बाईंचे यजमान म्हणाले. सायकलीबद्दल त्यांनी काढलेले वर्षभरातले हे एकमेव उद्गार.

जे सुटलेले नाही

२०२५ मध्ये मोसमी पाऊस नेहमीपेक्षा फार लवकर आला. २६ मे रोजी तो मुंबई-पुण्यात पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचे ठरवलेले ओव्हरहॉलिंग त्यामुळे राहून गेले, आणि दुरुस्तीवाल्याकडे एकदम रांग लागल्याने बाईंना चार दिवस सायकलीविना काढावे लागले. त्याच्या हाताखाली आता कोणी शिकाऊ नाही. मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. त्याचे दुकान बंद झाले तर चेनकव्हर, बेअरिंगचे कप-कोन आणि तारा भरणे या कामांसाठी जवळपास दुसरे कोणी नाही, आणि नव्या शोरूममध्ये अशी जुनी सायकल हातात घेत नाहीत. बाईंच्या सायकलीला असलेला सर्वांत मोठा धोका मला इथे दिसतो.

हे सगळे सहा किलोमीटरांचे, सपाट वाटेचे आणि ठरावीक वेळेच्या नोकरीचे आहे. हिंजवडीला जाणाऱ्याला किंवा रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला यातले फार थोडे लागू पडेल. म्हात्रे पुलाचे उजवे वळण आहे तसेच आहे. आणि आमच्या सोसायटीत सायकली अजून उघड्यावर भिजतात. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सायकल स्टँडला पत्र्याचे छप्पर घालण्याचा विषय बाईंनी लेखी दिला आहे; सचिवांनी तो स्वीकारला, मात्र खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा की फक्त सायकलवाल्यांनी, यावर सभेच्या आधीच दोन तट पडले आहेत.